उन्हाळ्यात तलावावर फ्लायने ट्राउट कसा पकडायचा

ट्राउट लागत नाही म्हटलं की माणूस फ्लाय (गळावर पिसं-दोरा बांधून केलेला खोटा किडा) बदलत सुटतो. मीपण एकदा अख्खा डबा पालथा घातलाय, आणि मासा तिथे नव्हताच, तो खाली गारव्याला जाऊन बसलेला. त्यामुळे उन्हाळ्यात आधी थर्मामीटर, फ्लायचं नंतर बघू.

दोरीला दर ५ फुटांवर गाठ मारा, टोकाला थर्मामीटर बांधा, प्रत्येक गाठीला दोन मिनिटं थांबून पटकन वर ओढून वाचा. १० ते १६ डिग्री जिथे मिळेल तो पट्टा आपला. पार तळाला मात्र जाऊ नका, पाणी गार असलं तरी उन्हाळ्यात तिथे बऱ्याचदा ऑक्सिजन कमी असतो. ओढा तलावाला मिळतो ती जागाही बघून ठेवा.

उजाडताना आणि सूर्य कलल्यावर मासे काठाजवळ येतात, तेव्हा फ्लोटिंग लाईन, म्हणजे पाण्यावर तरंगणारी दोरी, चालते. पाण्यावर गोल तरंग उठत असले की बारीक ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारा) टाका.

ऊन चढलं की सिंकिंग लाईन, म्हणजे बुडणारी. रॉड ९-१० फुटी, ५ किंवा ६ वेटचा (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा नंबर) बास झाला, फ्लाय म्हणाल तर ऑलिव्ह रंगाचा डॅमसेल निम्फ (चतुरासारख्या किड्याच्या पाण्यातल्या पिल्लाची नक्कल) नाहीतर कायरोनोमिड (डासासारख्या बारीक किड्याची नक्कल). खरी गंमत मोजण्यात आहे. टाईप ३ ची लाईन (टाईप म्हणजे बुडण्याच्या वेगाचा नंबर) सेकंदाला साधारण ३ इंच बुडते, म्हणजे १५ फुटांसाठी ६० आकडे मोजायचे, आणि घाई करायची नाही (इथेच सगळे चुकतात, चाळिसाला हात शिवशिवतात). मग रॉडचं टोक पाण्याला टेकवून लाईन बोटांत हळू हळू गुंडाळत आणा, मध्येच थांबा. मासा झटका देतोच असं नाही, कधी नुसती लाईन जड लागते, ओल्या चिंधीत अडकल्यासारखी. तेव्हा रॉड वर उचलायचा नाही, आधी हाताने लाईन ओढायची. मासा लागलेला आकडा लक्षात ठेवा, पुढचा कास्ट, म्हणजे फेक, तेवढाच मोजून.

सोडणार असाल तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने आधीच दाबून टाका, मासा लवकर ओढून घ्या, हात ओले करा आणि त्याला पाण्यातच धरून गळ काढा. आणि वरचं पाणी २० च्या पुढे गेलं असेल तर त्या दिवशी रॉड बाहेरच काढू नका, थकलेला ट्राउट गरम पाण्यात सोडला तरी बऱ्याचदा मरतो, आपल्याला फक्त पोहत गेलेला दिसतो.