गिरणगाव वॉटरकलरमध्ये काढताय? आधी धुराचं ठरवा

मुंबईच्या गिरणगावातलं, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीतलं, लालबाग-परळ काढायला बसलं की पहिला हात चिमणीतून धूर काढायलाच जातो आणि तिथेच घोळ होतो, कारण आज ज्या चिमण्या उरल्यात त्यातून धूर येतच नाही. १९८२ च्या संपात अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार उतरले, पुढे गिरण्या एकेक करत बंद पडल्या, जमिनींवर मॉल नि टॉवर आले. त्यामुळे आधी ठरवा, १९५० चं गिरणगाव की आजचं. धूर काढणार असाल तर मागे काचेचा टॉवर नको, एवढं पाळाच प्लीज.

मी आजचं सांगतो. पेपर ३०० जीएसएम (म्हणजे जाड) कोल्डप्रेस (किंचित खरखरीत). ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिक्स करा, निळा जास्त पडला की पावसाळी ग्रे मिळतो, सिएना जास्त पडला की काजळी धरलेली वीट, जवळजवळ अख्खं चित्र या दोनावर निघतं आणि अल्ट्रामरीनचे दाणे पेपरवर बसतात ना, ते धुळकट हवेसाठी एकदम परफेक्ट.

आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, थोडा ओला असतानाच टॉवर फिकट ग्रेने टाका, कडा विरघळू देत. टॉवरचं टोक पेपरच्या बाहेर जाऊ द्या. एके काळी इथे सगळ्यात उंच चिमणीच दिसायची, ती आता टॉवरच्या कमरेपर्यंत येते, हे दिसलं पाहिजे.

मग पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात वेळ लागतो, हाताची मागची बाजू लावून बघा, गार लागलं तर अजून ओलं आहे. आता चिमणी गडद, वर निमुळती, आणि रंग ओला आहे तोवर एका बाजूने स्वच्छ ओल्या ब्रशने ओढून घ्या, गोलाई येते.

गिरणीची करवतीच्या दातांसारखी छपरं नीट बघून काढा. काचेची उभी बाजू उत्तरेला असते, कारण कामाला थेट ऊन नको, सारखा उजेड हवा. म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हात उतरती बाजू उजळ, काच सावलीत. बरेच जण उलटं करतात.

चाळीला मात्र वेळ द्या, तिथे माणसं राहतायत अजून. लाकडी कठडे तीन-चारच नीट काढा, बाकी ड्राय ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने. वाळत घातलेल्या कपड्यांसाठी पांढरा पेपर सोडा, आणि पावसाळा असेल तर कौलांवरच्या ताडपत्रीला तेवढा भडक निळा.