विज्ञान मासिकाला लेख कसा सुचवावा आणि कसा पाठवावा

मराठीत विज्ञानाला वाहिलेली नियतकालिके मोजकीच आहेत. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ १९२८ साली सुरू झाले. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची स्वतःची पत्रिका आहे. ‘शैक्षणिक संदर्भ’ शिक्षक-पालकांना डोळ्यासमोर ठेवते. प्रत्येकाचा वाचक निराळा, म्हणून लिहायला बसण्याआधी हव्या त्या मासिकाचे मागचे सहा अंक मिळवा. एका लेखाचे शब्द चक्क मोजा, चौकटी आणि आकृत्या किती आहेत ते पाहा, आणि तुमचा विषय अलीकडे येऊन गेला आहे का हे अनुक्रमणिकेत तपासा.

विषयातून एक प्रश्न काढा

‘लोणार सरोवर’ हा विषय झाला. त्यावर पुस्तक होईल, लेख होणार नाही. ‘२०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी का झाले?’ हा लेख आहे. बहुतेक प्रस्ताव इथेच पडतात, कारण लेखात नेमके काय असेल हे संपादकाला कळतच नाही.

प्रस्ताव दीडशे-दोनशे शब्दांचा पुरे. पहिल्या वाक्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तराची दिशा, मग आधार, शब्दसंख्या, चित्रे आणि लेख कधी देणार ती तारीख. शेवटी स्वतःबद्दल दोनच ओळी. उदाहरणार्थ, सुरुवात अशी:

“२०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी का झाले आणि पुन्हा कसे निवळले? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत पाण्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. त्यांचे गुलाबी रंगद्रव्य, वाढलेली क्षारता आणि जीव तळाशी बसल्यावर स्वच्छ झालेले पाणी, या क्रमाने १,२०० शब्द लिहीन. मी काढलेली चार छायाचित्रे आहेत.”

‘रहस्य’, ‘चमत्कार’ असे शब्द प्रस्तावात नकोत. एकच ईमेल पाच संपादकांना तर मुळीच पाठवू नका. दोघांनी एकाच महिन्यात लेख छापला, तर पुढे दोन्ही दारे बंद होतात. महिनाभर उत्तर आले नाही तर एकदा आठवण करा, मग नम्रपणे प्रस्ताव मागे घेऊन दुसरीकडे पाठवा.

नाव नसल्याची भीती मात्र सोडा. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली होती. पहिले बक्षीस त्या अनोळखी जगतापांनाच मिळाले.

आकडे मुळापर्यंत तपासा

उल्कापाताने झालेल्या लोणारच्या विवराचेच वय घ्या. जुन्या लेखांत सुमारे ५२,००० वर्षे सापडते. तो आकडा उष्मादीप्ती पद्धतीचा, म्हणजे नमुना तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजण्याचा. पुढे आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकातल्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून केलेल्या मापनात वय सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. अकरापट फरक! कुठलाही एक आकडा उचलून लिहिलात, तर जाणकार वाचकाचे पत्र आलेच म्हणून समजा. आकड्यासोबत तो कोणत्या पद्धतीने आणि कधी काढला हे लिहा. प्रत्येक आकड्याचा आधार वेगळ्या पानावर संपादकासाठी द्या, तो छापला जावो वा न जावो.

परिभाषेतही असेच पक्के राहा. ‘क्षारप्रिय’ म्हणायचे ठरले की शेवटपर्यंत तेच. मध्येच ‘हॅलोफिलिक’, मग ‘लवणप्रिय’ आले, की वाचकाला हे तीन वेगळे जीव वाटतात. शब्द अडला तर मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. परभाषेतला लेख अनुवादून देणार असाल, तर मूळ हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्या.

लेख पाठवताना

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि वर्ड फाइल पाठवा. पीडीएफमधून उचललेल्या मराठीची जोडाक्षरे तुटतात. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर ‘ऱ्य’ हमखास तपासा: ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ची ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाली, की दरीचा समुद्र होतो, आणि शुद्धलेखन तपासनीला ती चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

छायाचित्रे वर्ड फाइलमध्ये चिकटवू नका, वेगळी जोडा. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे चार इंच रुंद चित्राला किमान १,२०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेल्या फोटोची फाइल लहान होते आणि बारकावे जातात. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. इंटरनेटवरचे चित्र घेताना त्याचा परवाना वाचा आणि छायाचित्रकाराचे नाव ओळीत द्या.

वेळही सांभाळा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाचा लेख फेब्रुवारीत सुचवून उपयोग नाही, तो अंक तेव्हा छापून झालेला असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला लिहा. दिवाळी अंकासाठी जून-जुलै.

लेख स्वीकारला की मानधन, अंक आणि लेख पुन्हा वापरण्याचा हक्क यांबद्दल ईमेलवर विचारून घ्या. मुद्रितप्रत, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, मिळण्याची सोय असेल तर ती मागा आणि दोनदा वाचा: एकदा फक्त आकडे, एकके आणि चित्रांखालच्या ओळी, दुसऱ्यांदा मजकूर. वाक्ये नव्याने लिहायची ही वेळ नाही. चुका तेवढ्या दाखवा आणि दिलेल्या मुदतीच्या आत प्रत परत करा.