जुन्या गाडीच्या आतलं सामान बसवताना आधी भोकं वाचा

आतून ओकीबोकी झालेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर हाती आली की नवखा माणूस लगेच मोबाईलवर सामान शोधायला लागतो. ते नंतर. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, टॉर्च आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) घेऊन गाडीत बसा आणि भोकं मोजा. गेलेली वस्तू केवढी होती, कशी बसत होती, हे पत्रा सांगतो. भोकाभोवतीचा गंजाचा गोल डाग म्हणजे वॉशरचा व्यास. रेग्झिनवरचा न विटलेला तुकडा म्हणजे हातटेकणीचा आकार. एका बाजूची वस्तू शिल्लक असेल तर तीच नमुना धरा, पण डावं-उजवं उलट असतं हे कागदावर लिहून ठेवा. उजव्या बाजूचा सनव्हायझर नमुन्याला नेऊन दोन्ही उजवेच करून आणणारे कमी नाहीत.

स्क्रूत सर्वांत जास्त घोळ होतो. पद्मिनी मुळात फियाट, तिचे आटे मेट्रिक. अ‍ॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, त्यामुळे जुन्या गाडीत इंची आटे निघतात. तिथल्या १०-३२ च्या (१० नंबर जाडी, इंचाला ३२ आटे) भोकात आपला पाच एमएमचा स्क्रू जवळजवळ बसतो, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ०.७९ आणि ०.८ एमएम, डोळ्याला फरक दिसत नाही. पण स्क्रू जाडीला थोडा जास्त. जोर लावला की आटे कापले जातात. पाव इंचाच्या भोकात सहाचा स्क्रू उलट ढिला जातो, दोन फेऱ्यांत अडकतो. म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्या बोटांनीच. बोटांनी जात नसेल तर स्क्रू चुकीचा आहे. पत्र्यातलं सेल्फ-टॅपिंग (स्वतःच आटे पाडत जाणाऱ्या) स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर ६ नंबरऐवजी ८ नंबर चालतो, मात्र लांबी वाढवू नका. दरवाजात टोक काचेला घासतं.

काच फिरवायचं हँडल घेताना आधी दांड्यावरचे दाते मोजा. नुसता व्यास जुळून उपयोग नाही. पकड कुठे पिनेची असते, कुठे सी-क्लिपची. क्लिप काढायला हँडल आणि दरवाजाच्या पॅडच्या (आतल्या रेग्झिन चढवलेल्या फळीच्या) फटीत सुती फडकं घालून बूट पुसल्यासारखं मागेपुढे ओढा. धागा क्लिपच्या पायात अडकतो आणि क्लिप टणकन उडते, म्हणून वर दुसरं फडकं धरा. पॅडमागे शंकूसारखी स्प्रिंग निघाली तर ती जपून ठेवा. तिच्याशिवाय हँडलखालची चकती खडखडते. बसवताना दोन्ही काचा पूर्ण वर घेऊन दोन्ही हँडलं एकाच कोनात लावा.

दरवाजाचं पॅड ३ एमएम हार्डबोर्डचं करतात. ते खालून फुगतं, त्याचा दोष बहुतेक वेळा कुशनवाल्याला देतात. खरं कारण वेगळं: काचेवरून उतरलेलं पाणी दरवाजाच्या आत पडणारच, ते खालच्या भोकांतून जायला हवं. भोकं चिखलाने बुजलेली असतात आणि पत्र्यावरचा प्लॅस्टिक कागद कुणीतरी फाडून टाकलेला असतो. भोकं तारेने साफ करा. जाड प्लॅस्टिक ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा, खालची कड दरवाजाच्या आत सोडा, बाहेर नाही. हार्डबोर्डच्या कडांना रेग्झिन चढवण्याआधी वार्निशचे दोन हात द्या. नाशिकच्या पावसात एवढं केलं नाही तर दिवाळीपर्यंत पॅड कुल्फीसारखं वाकतं.

सामान कुठे मिळेल? पद्मिनीचं मुंबईत, ऑपेरा हाऊसच्या बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, त्यामुळे मोडीतला माल अजून फिरतो. टॅक्सीचं हँडल घेताना दाते झिजलेले नाहीत ना, ते नखाने पाहा.

मिळालं नाही तर नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये लेथवाले आहेत. डॅशबोर्डचा नॉब पितळेत टर्न करून मिळतो, पण फोटो दाखवून नव्हे. शिल्लक नॉब आणि ज्यावर तो बसतो तो स्क्रू दोन्ही सोबत न्या. थ्री-डी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लॅस्टिक टाळा. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या पुढे जातो. एबीएस किंवा एएसए ही जास्त उष्णता सोसणारी प्लॅस्टिकं घ्या.

क्रोमला देताना वस्तू पितळेची की मझाकची (जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची) ते आधी विचारून घ्या. मझाकचं हँडल हलकं असतं आणि फोड आलेले असतात. ते जास्त वेळ अॅसिडात राहिलं तर अॅसिड त्याला खातं, काही वेळा पातळ होऊन दाते जातात. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम, असं सांगूनच द्या. एकच जोडी उरली असेल तर एक हँडल आधी करून पाहा, दुसरं नंतर.

जुना तुटका तुकडा पिशवीत घालून "पुढचा डावा" अशी चिठ्ठी लावून ठेवा. पुढच्या वेळी लेथवाल्याला तोच द्यायचा आहे.