रेसचे जुने रॉड-पिस्टन बसवण्याआधी

रेसिंग इंजिनातले वापरलेले रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) स्वस्तात मिळाले तरी लगेच बसवू नका. डिझेलने स्वच्छ धुवा आणि संभाजीनगरजवळच्या वाळूजला एखाद्या चांगल्या मशीनशॉपमध्ये मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट (चुंबकाने स्टीलमधले तडे शोधायची चाचणी) करून घ्या. बोल्टच्या बसणीजवळचा केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण तिथूनच रॉड तुटतो अन् ब्लॉक फोडतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे, त्यांना ही टेस्ट चालत नाही. डाय पेनेट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून बघा. रॉडबोल्ट आणि व्हॉल्व्हस्प्रिंगा मात्र नव्याच घ्या, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

पिस्टनचा माथा उंच असेल तर कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) आधी काढा. १२ च्या पुढे रेशो, पंपावरचं साधं पेट्रोल, त्यात आपल्याकडचं मे महिन्यातलं ४२ अंशांचं ऊन... जालना रोडच्या सिग्नलवरून उचलतानाच इंजिन खडखडायला लागेल.