टाकी वाहण्याआधी वाजणारा गजर: विद्यार्थी प्रकल्प टिकाऊ कसा करायचा

प्रदर्शनात टेबलावर चालणारं यंत्र आणि खऱ्या टाकीवर तीन महिने चालणारं यंत्र, दोन्हींत सेन्सर बहुधा तोच असतो. फरक पडतो तो वायरीत, वीजपुरवठ्यात, आणि गजर कोणाच्या कानाशी वाजतो यात. म्हणून इथे सेन्सरपेक्षा या बाकीच्या गोष्टींवर जास्त भर आहे.

आधी समस्या, मग सेन्सर

विषय निवडताना तीन गोष्टी तपासा. ही अडचण आठवड्यातून निदान एकदा येते का? तिचा त्रास होणारी एक ठरावीक व्यक्ती बोट दाखवून सांगता येते का? आणि आज ती किती मोठी आहे हे बादली, घड्याळ नि वही घेऊन मोजता येतं का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक कल्पना गळतात. गळू द्या.

लोकांशी बोलताना "असं ॲप केलं तर वापराल का?" हा प्रश्न टाळा. समोरचा माणूस तुमचं मन राखायला हो म्हणतो आणि तुमचे चार महिने जातात. त्याऐवजी विचारा: हे शेवटचं कधी झालं? तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत? किती वेळ गेला? ज्याला शेवटचा प्रसंगच आठवत नाही, त्याला ती समस्या नाही.

नेहमीचे दोन विषय बघा. अंधांसाठी 'स्मार्ट काठी' जवळजवळ प्रत्येक प्रदर्शनात असते. पण पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा आधीच सांगते, शिवाय जमीन खडबडीत आहे की गुळगुळीत हेही सांगते. तिला कळत नाहीत त्या छाती-डोक्याच्या उंचीवरच्या गोष्टी: उघडी खिडकी, लोंबणारी फांदी. सेन्सर खाली, जमिनीकडे तोंड करून लावला तर काठी फक्त जड होते. दुसरा विषय हवेच्या प्रदूषणाचा. एमक्यू-१३५ हा वायूंचा सेन्सर आहे, तो धूळकण मोजत नाही. त्याच्या आकड्याला 'एक्यूआय' (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) म्हणणं चूकच. धूळकण मोजायला एसडीएस०११ सारखा लेझर सेन्सर लागतो. श्टुटगार्टमध्ये २०१५ साली सुरू झालेलं नागरिकांचं हवा-मापन जाळं याच सेन्सरवर वाढलं. त्याच्या लेझरचं आयुष्य सुमारे ८,००० तास, म्हणजे अखंड चालवला तर वर्षही पुरत नाही. दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट चालवला तर कितीतरी वर्षं टिकतो. दमट हवेत मात्र तो जास्तच आकडा दाखवतो.

त्या मानाने वाहणारी टाकी हा कंटाळवाणा विषय वाटतो. पण वरच्या तिन्ही प्रश्नांना तो उतरतो, म्हणून पुढची सगळी जोडणी त्याचीच.

बादली आणि घड्याळ

एकही भाग विकत घेण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा. टाकी वाहायला कधी लागली, पंप कधी बंद झाला, एवढे दोनच रकाने. मग ओव्हरफ्लो पाइपाखाली १० लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजा. समजा २५ सेकंद लागले, तर मिनिटाला २४ लिटर. रोज २० मिनिटं टाकी वाहत असेल तर ४८० लिटर पाणी वाया जातं. गजर बसवल्यावर हीच नोंद पुन्हा आठवडाभर ठेवायची. हे दोन आकडे शेजारी मांडले की अहवालाचं निम्मं काम झालं.

आता टाकीचा व्यास मोजा. १.१ मीटर व्यासाच्या गोल टाकीचा आडवा छेद सुमारे ०.९५ चौरस मीटर, म्हणजे पाणी १ सेमी चढलं की ९.५ लिटर वाढलं. मिनिटाला २४ लिटर पाणी येत असेल तर १ सेमी चढायला साधारण २४ सेकंद. पंप बंद करणाऱ्या व्यक्तीला उठून बटणापर्यंत जायला पाच मिनिटं लागत असतील, तर गजर ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या साडेबारा सेमी खाली वाजला पाहिजे. ही उंची अंदाजाने ठरवू नका. ओव्हरफ्लोच्या पातळीला लावलेला गजर वाजतो तोवर पाणी सांडायला लागलेलं असतं.

कोणता सेन्सर

बहुतेक गट थेट अल्ट्रासोनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) उचलतात. पण प्रश्न काय आहे ते बघा: 'किती पाणी आहे' की 'भरत आली का'? दुसरा असेल तर फ्लोट स्विच पुरतो. त्यात चुंबक असलेला तरंगता मणी आणि आत रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालणारा) असतो. तापमान, वाफ, लाटा यांचा त्याच्या आकड्यावर परिणाम होत नाही, कारण त्याला आकडाच नसतो.

साहित्य असं (पुढे येणाऱ्या दुसऱ्या फ्लोटसाठी फ्लोट स्विच, ४.७ किलोओहम, १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड आणखी एकेक): उभा फ्लोट स्विच १, ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) १, ५ व्होल्टचा ॲक्टिव्ह बझर १, बीसी५४७ ट्रान्झिस्टर १, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर १, १ किलोओहमचे २, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १, ४७० मायक्रोफॅरडचा १, पुश बटण १, ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, स्क्रू टर्मिनल, झीरो पीसीबी (सोल्डर करायची भोकांची पट्टी) आणि लागेल तेवढी दोन तारांची वायर.

सगळं इलेक्ट्रॉनिक्स खालीच, पंप बंद करणाऱ्या व्यक्तीजवळ ठेवा. वर टाकीत फक्त फ्लोट आणि दोन तारा. असं केलं की ऊन, पाऊस, वर वीज नेणं आणि वाय-फाय न पोचणं हे चारही प्रश्न एका फटक्यात सुटतात.

जोडणी

फ्लोट स्विच टाकीत नेण्याआधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलेलं असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावून बघा. मणी खाली असताना बीप आला पाहिजे, वर उचलल्यावर थांबला पाहिजे. उलटं होत असेल तर टोकाची छोटी क्लिप काढा, मणी उलटा करून घाला, क्लिप परत बसवा. ही दिशा मुद्दाम निवडलेली आहे: पाणी कमी असताना सर्किट जोडलेलं, भरलं की तुटलेलं. त्यामुळे उंदराने तार कुरतडली किंवा टर्मिनल सैल झालं तरी गजर वाजतो. उलटी दिशा ठेवली तर तार तुटलेल्या दिवशी यंत्र गुपचूप बसतं आणि टाकी वाहत राहते.

स्विचची एक तार ग्राउंडला. दुसऱ्या तारेवर ४.७ किलोओहमने ३.३ व्होल्ट द्या आणि तिथून १ किलोओहममधून पिन २७ ला न्या. पिन आणि ग्राउंडच्या मधे ०.१ मायक्रोफॅरड. बोर्डाच्या आतही असाच पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर (पुल-अप) असतो, तो सुमारे ४५ किलोओहमचा. टेबलावर तो पुरतो, पण वीस मीटर वायरीवर पंप सुरू होताना येणारा धक्का त्याला आवरत नाही आणि खोटे गजर वाजतात. ही वायर विजेच्या मुख्य तारांना चिकटून नेऊ नका, हातभर अंतर ठेवा. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा.

पिन निवडतानाही जपा. पिन १२ सुरू होताना वर ओढली गेली तर बोर्ड बूटच होत नाही. ६ ते ११ या फ्लॅश मेमरीच्या, त्यांना हात लावायचा नाही. ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत, त्यांवर बझर चालणार नाही.

बझर थेट पिनवर लावू नका. पिन २६ वरून १ किलोओहममधून बीसी५४७ च्या बेसला, एमिटर ग्राउंडला, आणि बझर ५ व्होल्ट व कलेक्टरच्या मधे. पुश बटण पिन २५ आणि ग्राउंडच्या मधे. त्याची वायर बोटभरच असते, तिथे आतला पुल-अप चालतो. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्ट आणि ग्राउंडवर, धन-ऋण बघून. वाय-फाय संदेश पाठवताना बोर्ड क्षणभर बराच जास्त करंट ओढतो. यूएसबी केबल बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. सिरियल मॉनिटरवर (कॉम्प्युटरवर बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) 'ब्राउनआउट', म्हणजे व्होल्टेज कमी पडलं, असं दिसलं की प्रोग्रॅम उकरत बसू नका, आधी केबल बदला.

ब्रेडबोर्डवर हे सगळं एकदा चालवून घ्या आणि मग झीरो पीसीबीवर सोल्डर करा. जंपर वायर सैल होणं हे असे प्रकल्प बंद पडण्याचं सगळ्यात साधं कारण आहे.

टाकीत फ्लोट लोंबता सोडू नका. झाकणातून कडक पीव्हीसी पाइप खाली सोडा, त्याच्या टोकाला स्विच नटाने घट्ट करा, तारा पाइपाच्या आतून वर घ्या. पाणी पडणाऱ्या नळापासून लांबची बाजू निवडा. तारेचा जोड पाण्याच्या वर, झाकणाबाहेर. सोल्डर किंवा उघडी तांब्याची तार पिण्याच्या पाण्यात बुडता कामा नये. काम टाकीच्या तोंडातूनच करायचं, टाकीत उतरायचं नाही, आणि वर चढताना सोबत मोठं माणूस हवं.

प्रोग्रॅमचं डोकं

पिन दर १०० मिलिसेकंदांनी वाचा. सलग ५ सेकंद 'भरली' दिसली तरच गजर, म्हणजे लाटेने मणी हलला तर तो वाजणार नाही. सलग ६० सेकंद 'कमी' दिसली की सगळं मूळपदावर.

बटणाचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. पंप बंद केला तरी टाकी भरलेलीच असते आणि मणी वरच राहतो. बटण दाबल्यावर दहा मिनिटांनी गजर पुन्हा वाजवलात तर तो रात्रभर दर दहा मिनिटांनी वाजेल आणि सकाळी कोणीतरी अडॅप्टर काढून ठेवेल. म्हणून बटण दाबलं की मणी खाली येईपर्यंत गप्प. पण बटण दाबून पंप बंद करायला विसरलं तर? त्यासाठी दुसरा फ्लोट ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या २ सेमी खाली, वेगळ्या पिनवर, तशाच जोडणीने. त्याचा गजर वेगळ्या तालात. तो पहिल्याच्या बटणाने दबत नाही, स्वतः वाजला की पुन्हा बटण मागतो.

मोबाइलवर संदेश पाठवायचा असेल तर तो जोडगोष्ट म्हणून. उदाहरणांमधून उचललेल्या कोडमध्ये वाय-फाय जोडेपर्यंत थांबणारा व्हाईल लूप असतो. राउटर बंद पडला की प्रोग्रॅम तिथेच अडकतो आणि बझरही मुका होतो. नेटशिवाय बझर वाजलाच पाहिजे. त्यामुळे जोडणीचा प्रयत्न दर ३० सेकंदांनी करा आणि मधल्या वेळात पिन वाचत राहा. ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं, हेही लक्षात असू द्या.

मिलिस, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणारं फंक्शन, त्याचा आकडा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. 'आत्ताची वेळ वजा आधीची वेळ' असा हिशेब अनसाइन्ड लाँग (ऋण नसलेले पूर्णांक) प्रकारात केला तर काही बिघडत नाही. 'पुढची वेळ अमुक' असा साठवून तुलना केली तर पन्नासाव्या दिवशी यंत्र वेड्यासारखं वागतं. मूल्यमापन महिनाभरात उरकतं, त्यामुळे ही चूक गुण देणाऱ्याला दिसतच नाही.

पातळीचा आकडा हवाच असेल तर

एचसी-एसआर०४ हा नेहमीचा अल्ट्रासोनिक सेन्सर उघड्या तोंडाचा आहे, टाकीतल्या वाफेत तो गंजतो. त्याची इको पिन ५ व्होल्ट देते, म्हणून ईएसपी३२ ला जोडताना १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज वाटून कमी करणारी जोडणी) म्हणून लावून ३.३ व्होल्टवर आणा. जलरोधक जेएसएन-एसआर०४टी बरा, पण त्याला २०–२५ सेमीच्या आतलं दिसत नाही. पाणी सेन्सरच्या जवळ आलं, म्हणजे नेमकी टाकी भरत आली, की आकडे उड्या मारतात. म्हणून आकड्यासाठी हा आणि गजरासाठी फ्लोट, असं दोन्ही ठेवा. सात वाचनं ६० मिलिसेकंदांच्या अंतराने घ्या, लहान-मोठी लावा आणि मधलं घ्या. सरासरी नको, एक चुकार वाचन ती ओढून नेतं. आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो: १५ अंशांना सेकंदाला सुमारे ३४०, ४० अंशांना ३५५ मीटर. मीटरभर अंतरावर ही चूक ४ सेमीपर्यंत जाते.

रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लावून पंप आपोआप बंद करण्याचा मोह होतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट घेते. मॉड्यूलवरच्या छोट्या रिलेचे संपर्क त्यात चिकटून बसतात आणि पंप बंदच होत नाही. तिथे काँटॅक्टर (मोटरसाठीचा दणकट रिले) लागतो, आणि ते काम परवानाधारक वायरमनचं.

सोपवताना

खोक्यावर मोठ्या अक्षरात तीन ओळी चिकटवा: गजर वाजला तर पंप बंद करा आणि बटण दाबा. टाकी भरलेली नसताना वाजला तर तार तुटली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वरच्या टर्मिनलमधली एक तार काढून बघा, पाच सेकंदांत गजर वाजला पाहिजे. तिमाहीतून एकदा मण्यावरचे क्षार पुसायचे. एक जादा फ्लोट स्विच आणि जोडणीचा हाताने काढलेला कागद खोक्याच्या आतच ठेवा, कारण तुम्ही पास होऊन गेल्यावर खोकं उघडणारा माणूस तुमचा लॅपटॉप उघडणार नाही.