प्युमिसचं हलकं काँक्रीट करताय? मग या चुका टाळा

प्युमिस म्हणजे ज्वालामुखीतून फेसासारखी बाहेर पडून गोठलेली काच, आत नुसती भोकंच भोकं. रोममधल्या पॅन्थिऑनचा 43 मीटर व्यासाचा घुमट दुसऱ्या शतकापासून उभा आहे, त्यात खाली जड दगड आणि वर जाता जाता प्युमिससारखा हलका दगड वापरलाय. जर्मनीत नॉयवीडच्या आसपास, तुर्कस्तानात नेवशेहिरकडे याचे ब्लॉक आजही बनतात. माल उत्तमच आहे, पण नेहमीच्या खडीच्या सवयीने हाताळला की वाट लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोरडा प्युमिस थेट मिक्सरमध्ये ओतणं. हा दगड स्वतःच्या वजनाच्या 20-30 टक्के पाणी सहज पितो, कधी त्याहून जास्त. समजा एका घनमीटरला 500 किलो प्युमिस लागला आणि शोषण 25 टक्के, तर 125 लिटर पाणी नुसतं दगडाच्या पोटात. मग होतं काय, मिक्सरमधून निघताना माल मस्त दिसतो आणि ओतेपर्यंत घट्ट होतो, मिस्त्री वरून पाणी मारतो, ते पाणी मात्र सिमेंटच्या पेस्टमध्येच राहतं आणि ताकद जाते. म्हणून आदल्या दिवशीच ढिगावर पाणी सोडून भिजवा, सकाळी निथळू द्या, आणि वरवर चिकटलेलं पाणी मिक्सच्या पाण्यातून वजा करा. पंपाने चढवणार असाल तर भिजवणं आणखीच गरजेचं, कारण पाइपातल्या दाबाने पाणी दगडात घुसतं आणि लाइन चोक होते.

वजनावर माप घेत असाल तर ओलावा रोज तपासा. ढीग वरून सुका आणि खाली ओला असतो, त्यामुळे तेवढ्याच किलोत दगड कमी जास्त येतो. शक्यतो घनफळाने मोजा.

स्लम्प, म्हणजे शंकूच्या साच्यात भरलेला ओला माल साचा उचलल्यावर किती खाली बसतो ते माप, कमी आला म्हणून घाबरू नका. माल हलका असल्यामुळे कमीच बसतो, तरी काम नीट होतं. व्हायब्रेटरही जपून, एकाच जागी धरून ठेवला तर दगड वर तरंगतात आणि पेस्ट खाली बसते, असा चाचणीचा क्यूब (काँक्रीटचा ठोकळा) फोडून बघा, वरची बाजू नुसती जाळीदार दिसेल.

ताकद वाढवायला सिमेंट ओतत राहणंही चुकीचं. एका हद्दीनंतर दगडच आधी फुटतो, वर वजन आणि आकुंचनाच्या भेगा वाढतात त्या वेगळ्याच.

आपल्याकडचा भोकंवाला काळा दगड चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही हो, तो बेसाल्ट, भोकं असली तरी पाण्यात सरळ बुडतो आणि कित्येकदा त्या भोकांत झिओलाइट नावाचं खनिज भरलेलं असतं, वजनात म्हणावा तसा फरक पडत नाही.

आणि फ्लोअरिंगची घाई करू नका. दगडातलं पाणी हळूहळू बाहेर येत राहतं, लाकूड किंवा व्हिनाइल टाकायच्या आधी ओलावा मोजूनच घ्या.