साथीच्या दिवसांत मुलांना शाळेत पाठवायचं का? निर्णय असा घ्या

करोनामुळे बंद असलेले शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून भरणार असं जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी शाळेचं संमतीपत्र आलं. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती, धाकटा तिसरीत. घरात सासूबाई, वय बहात्तर, पंधरा वर्षांपासून शुगर. आम्ही राहतो नागपुरात, मानेवाड्याकडे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तो कागद चार दिवस देवघराजवळच्या फळीवर पडून होता. शेजारच्या काकू म्हणायच्या, नका पाठवू. नणंद म्हणायची, दीड वर्ष झालं पोरगी घरात कोंडली आहे, पाठव. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं मोबाईलवर आकडे पाहत बसायचो आणि काहीही न ठरवता झोपायचो. ठरलं ते एका रविवारी वही घेऊन बसलो तेव्हा. त्या वहीतले प्रश्न इथे देते आहे. आजार उद्या दुसराच असेल, पण प्रश्न थोड्याफार फरकाने हेच राहतील.

आधी विचारा, हा आजार पसरतो कसा

सगळ्याच साथींत शाळा हा प्रश्न नसतो. चंडीपुरा विषाणूला नाव मिळालं ते आपल्याच जिल्ह्यातल्या गावावरून, १९६५ साली तो तिथल्या रुग्णांमध्ये सापडला म्हणून. तो लहान मुलांना गाठतो, पण वाळूमाशीच्या चाव्यातून. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि कूलरच्या टाकीतल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अशा वेळी मुलाला घरी बसवून काही साधत नाही, कारण तुमच्या गच्चीवरचा कूलर शाळेपेक्षा धोक्याचा असू शकतो. तिथे पूर्ण बाह्यांचा सदरा, टाकी दर आठवड्याला घासून कोरडी करणं आणि शाळेलाही तेच करायला लावणं, हे काम आहे. आजार श्वासातून, खोकल्यातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरत असेल, तरच पुढचं वाचा.

घरातल्या माणसांची यादी करा

ही पायरी घाईत उरकू नका. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, आजार, लस झाली की नाही, हे लिहून काढा. डोक्यात ठेवलं की आपण सोयीचं तेवढंच आठवतो. करोनात बहुतेक मुलांना आजार सौम्य झाला. जीव गेले ते जास्त करून म्हाताऱ्यांचे, आणि मधुमेह, किडनी, हृदयाचा त्रास असलेल्यांचे. म्हणून मुलांच्या शाळेचा निर्णय खरं तर पुष्कळदा आजीच्या तब्येतीचा निर्णय असतो.

पण मुलाकडेही नीट पाहा. दमा आहे का, जन्मजात हृदयाचा दोष आहे का, कर्करोगाचे किंवा किडनीचे उपचार चालू आहेत का. आणि आपल्या विदर्भात एक प्रश्न आवर्जून विचारायला हवा: सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार, आहे का? वाहक असणं वेगळं आणि आजार असणं वेगळं. आजार असलेल्या मुलाला साध्या तापानेही तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, छातीत संसर्ग झाला तर जीवावर बेतू शकतं. अशा मुलाचा निर्णय व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर करू नका. ज्या डॉक्टरांकडे त्याची फाईल आहे, मग ते मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतले असोत की खासगी, त्यांना विचारा. प्रश्नही थेट विचारा: सध्याच्या परिस्थितीत याला वर्गात बसवू का?

यादी झाली की दुसरा रकाना आखा. मूल शाळेत गेलं तर घरात काय बदलता येईल? आमची मुलगी रात्री आजीजवळ झोपायची, तिचं अंथरूण हॉलमध्ये आणलं. शाळेतून आल्यावर हातपाय धुणं, कपडे बदलणं, आणि आजीशी गप्पा मारायच्या तर अंगणात. सासूबाईंना ते लागलं. त्या दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. पण लसीचे दोन्ही डोस झालेले आणि खोली वेगळी, एवढ्यावर आम्ही पुढे गेलो. तुमच्याकडे एकच खोली असेल आणि त्यात ऑक्सिजनवरून नुकतंच उठलेलं माणूस असेल, तर उत्तर वेगळं येईल आणि ते बरोबरच असेल.

शाळेत स्वतः जा, आणि व्हॅन विसरू नका

संमतीपत्रावर ‘सर्व नियम पाळले जातील’ असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. अर्ध्या तासाची सुट्टी काढा आणि मुलाचा वर्ग पाहून या. वर्गात शिरल्याबरोबर कोंदट वाटतं का? समोरासमोर खिडक्या आहेत का, त्या उघडतात का, की तावदानांवर कागद चिकटवले आहेत? एका बाकावर किती मुलं? मधल्या सुट्टीत डबा कुठे खातात? मास्क निघतो तो डबा खाताना, म्हणून मैदानात किंवा व्हरांड्यात बसवत असतील तर मोठा धोका टळतो. सॅनिटायझरच्या बाटल्या दाखवल्या जातील. हात धुणं चांगलंच, पण श्वासातून पसरणाऱ्या आजारात खिडकी जास्त कामाची.

उन्हाळ्यात सकाळपाळी असली तरी दहा वाजताच नागपुरात भिंती तापतात, आणि खिडक्या बंद करण्याचा मोह होतो. इथे आपला जुना कूलर मदतीला येतो. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, फक्त ती बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. एसी मात्र तीच हवा फिरवत राहतो. एसीचा वर्ग म्हणून जास्त फी भरणाऱ्या पालकांनी साथीच्या दिवसांत हा विचार करावा.

आमची चूक वर्गात नव्हती, व्हॅनमध्ये झाली. वर्ग पाहिला, खिडक्या मोजल्या, समाधान झालं. तिसऱ्या दिवशी मुलीला आणायला फाट्यावर गेले तर एका लहानशा व्हॅनमध्ये चौदा मुलं, काचा वर. व्हॅनवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, “ताई, काच उघडली का पोरं हात बाहेर काढून राहतात, मग कोण जबाबदार?” त्यांचंही खोटं नव्हतं. आम्ही पाच पालकांनी मिळून दोन फेऱ्यांचे जास्तीचे पैसे द्यायचं ठरवलं, खिडकीला आडव्या दांड्या बसवून घेतल्या आणि काचा खाली राहू लागल्या. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी जवळच्या दोन-तीन घरांत पाळी लावावी, दुचाकीवरून सोडणं-आणणं करावं. वर्गात चार तास मोकळ्या हवेत आणि गाडीत पाऊण तास एकमेकांच्या तोंडावर श्वास, याला अर्थ नाही.

मास्कचं थोडक्यात: केंद्राच्या आरोग्य विभागाने जून २०२१ मध्ये सांगितलं होतं की पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्क नको, सहा ते अकरा वयाच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा. घामाने भिजतो म्हणून दप्तरात एक जास्तीचा ठेवा.

आकडा वाचा, पण शेवटी

एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. सोमवारी कमी आणि गुरुवारी जास्त दिसतात, कारण रविवारी चाचण्याच कमी होतात. सात दिवसांचा कल पाहा. महापालिकेचे दहा झोन आहेत, सबंध शहरापेक्षा आपल्या आणि शाळेच्या झोनची परिस्थिती विचारा. शंभर चाचण्यांमागे किती जण बाधित निघतात, हे एकूण रुग्णसंख्येपेक्षा जास्त सांगतं. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथ आटोक्यात असल्याची खूण म्हणून हे प्रमाण पाच टक्क्यांखाली, आणि तेही सलग दोन आठवडे, असं सांगितलं होतं.

मी स्वतः सर्वांत जास्त वजन एका गोष्टीला देते: आज रात्री घरात कोणाला धाप लागली तर खाट मिळेल का? एप्रिल २०२१ मध्ये या शहरात लोक एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात खाटेसाठी हिंडत होते. तशी वेळ असेल तर वर्ग कितीही हवेशीर असो, मुलांना घरी ठेवा.

घरी ठेवण्याची किंमतही त्याच वहीत लिहा

‘घरी म्हणजे सुरक्षित’ असं आपण धरून चालतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्ततपासणी केली, तेव्हा सहा ते नऊ वयाच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे करोना होऊन गेल्याची खूण, सापडली. मुलांना तेव्हा लस नव्हती आणि देशातल्या बहुतेक शाळा वर्षभराहून जास्त काळ बंद होत्या. संसर्ग घरातून, लग्नांतून, बाजारातून आला असणार. मुलाला शाळेत न पाठवता इतवारीच्या बाजारातल्या गर्दीत किंवा बारशाला नेत असाल, तर तो निर्णय पुन्हा तपासा.

आणि शिकणं. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या दुसरी ते सहावीच्या मुलांची पाहणी केली. ९२ टक्के मुलं आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य विसरली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण माझा तिसरीतला मुलगा जोडाक्षर आलं की थांबायचा, हे मी रोज पाहत होते. म्हणून विचारा: घरात मोबाईल किती, मुलं किती? दुपारी मुलाजवळ मोठं माणूस असतं का? शाळेतला पोषण आहार हेच त्याचं पोटभर जेवण होतं का? मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला म्हणून घरी राहते आहे का? तिचं नुकसान कोणाच्याच आकड्यात दिसत नाही.

तारीख घालून ठरवा

सगळं समोर आलं की निर्णय दोन आठवड्यांपुरता घ्या आणि खाली लिहा की तो कशाने बदलेल. आमच्या वहीत होतं: ‘वर्गात एकाच आठवड्यात तीन मुलं आजारी, किंवा घरात कोणालाही ताप, तर शाळा बंद. १८ तारखेला पुन्हा बसायचं.’ मुलांनाही बसवा. मुलीने सांगितलं की गणिताच्या तासाला मास्क काढून फळ्याजवळ गर्दी होते. आम्हाला ते कोणी सांगितलं नसतं.

सकाळी ताप, घसादुखी, जुलाब किंवा नवा खोकला असेल तर परीक्षा असली तरी शाळा नाही. वर्गशिक्षिकेला खरं कारण कळवा, सर्दी लपवू नका.

करोना झालेल्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मूल बरं झाल्यानंतर, किंवा त्याला लक्षणं नसली तरी, दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा चढता ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटात जोराची कळ, असं काही दिसलं तर ते उन्हाचं किंवा बाहेरच्या खाण्याचं म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि घरात करोना कधी झाला होता ती तारीख सांगा.